करडई, जवस आणि घरचा तेलाचा डबा



शाकाहारी कुटुंबाला आज एक प्रश्न वारंवार विचारला जातो. हृदयासाठी उपयुक्त मानले जाणारे ओमेगा-३ स्निग्ध घटक माशांच्या तेलात असतात. मग मासे वर्ज्य असणाऱ्यांनी ते कोठून मिळवावेत? तरुण पिढी घरातील वडीलधाऱ्यांना हा प्रश्न करते, तेव्हा उत्तर पुष्कळदा देता येत नाही. वस्तुतः ते उत्तर लातूर-नांदेडच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या उगवत आले आहे.

मूळ मुद्दा आधी पाहू. स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ उष्मांकांचा साठा, असा समज दीर्घकाळ होता. १९२९ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने तो खोटा ठरविला. अन्नातून स्निग्धांश पूर्णपणे वगळताच उंदरांची वाढ खुंटली, त्वचेवर खवले आले आणि अखेरीस ते दगावले. त्या आहारात योग्य तेलाचे थोडे थेंब घालताच प्रकृती सुधारली. यावरून शरीराला स्वतः तयार न करता येणारी, अन्नातूनच घ्यावी लागणारी मेदाम्ले आहेत, हे सिद्ध झाले. अशी मेदाम्ले दोन : ओमेगा-६ गटातील लिनोलेइक आम्ल आणि ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल. पेशींची आवरणे, त्वचा, मेंदू व दृष्टी यांच्या जडणघडणीत त्यांचा वाटा आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. करडईला संस्कृतात कुसुंभ, तर जवसाला अतसी म्हणतात. दोन्ही रब्बीची पिके. करडईचे मूळ खोल जाते आणि जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर पीक तरते, म्हणून अवर्षणाच्या मराठवाड्याला ते मानवले. काटेरी करडईच्या ओळी ज्वारी-गव्हाच्या काठाने पेरल्या, की गुरे आत शिरत नसत. कोवळ्या पानांची भाजी होई आणि बियांचे तेल घाण्यावर निघे. तिच्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते, शिवाय ई जीवनसत्त्वही भरपूर. तूप-वनस्पतीसारख्या घट्ट स्निग्धांच्या जागी असे तेल वापरल्यास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होते.

परंतु एक सत्य सांगितले पाहिजे. करडईत ओमेगा-३ जवळजवळ नाही. ती उणीव जवस भरून काढते. जवसाच्या बियांत सुमारे ४० टक्के तेल, आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. म्हणजे एक मोठा चमचा, सुमारे ७ ग्रॅम जवसपूड पोटात गेली, तर जवळपास दीड ग्रॅम ओमेगा-३ मिळते. प्रौढाची दिवसाची गरज साधारण तेवढीच आहे. भाकरीबरोबरची जवसाची चटणी ही गरिबाची तोंडीलावणी नव्हे. ते आजीबाईंचे पोषणशास्त्र होते.

तथापि जवसातील हे आम्ल माशांतील ओमेगा-३ मध्ये शरीरात अल्प प्रमाणातच रूपांतरित होते. म्हणून जवस नियमाने घ्यावे. गर्भवती माता वा हृदयरोगी यांना अधिक गरज भासल्यास शेवाळापासून काढलेले ओमेगा-३ उपलब्ध आहे, त्याबाबत वैद्यांचा सल्ला घ्यावा.

या दोन्ही जिल्ह्यांचा तेलाशी संबंध जुना आहे. लातूर येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे गळीत धान्य संशोधन केंद्र असून ‘लातूर जवस-९३’ हा वाण तेथलाच. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ‘एनएचएच-४४’ हा प्रसिद्ध संकरित कापूस दिला. कापसाच्या सरकीच्या तेलातही निम्मे लिनोलेइक आम्ल असते, मात्र ते शुद्धीकरण करूनच खावे लागते. पुढे सोयाबीन आले. त्याच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे ५० टक्के व ओमेगा-३ सुमारे ७ टक्के, म्हणजे तेही उपयुक्तच. पण सोयाबीनच्या लाटेत आणि काढणीच्या काट्यांच्या त्रासामुळे करडई मागे पडली, जवसही पडले. आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येते. बांधावरची वस्तू विसरून बंदरावरची वाट पाहावी, ही स्थिती विचार करण्याजोगी आहे.

घरात काय करावे, ते सांगणे सोपे आहे. एकाच तेलावर विसंबू नये. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, तीळ यांची आलटून-पालटून योजना करावी. तळणासाठी शेंगदाण्याचे तेल करडईपेक्षा बरे, कारण बहुअसंतृप्त तेल वारंवार तापले की बिघडते; तळलेले तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. जवसाचे तेल तर तापवूच नये; जवस हलके भाजून, थोडे थोडे कुटून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे, कारण कुटलेली पूड लवकर खवट होते.

शेवटची गोष्ट मापाची. कोणतेही तेल गुणकारी असले, तरी एका ग्रॅमला ९ उष्मांक सगळ्यांतच असतात. बैठे काम करणाऱ्या प्रौढास दररोज तेल-तूप मिळून २० ते २५ ग्रॅम पुरते. चार प्रौढांच्या घरी ते महिन्याला तीन किलोच्या आतच बसते. प्रत्येक गृहिणीने घरचा डबा एकदा मोजून पाहावा. आकडा बहुधा धक्का देईल.

येथे जैन परंपरेचे शहाणपण स्मरते. बाह्य तपांच्या सहा प्रकारांत ऊनोदरी आहे आणि रसपरित्यागही आहे. आयंबिलात तेल-तुपाचा त्याग असतो. रसावर संयम राखावा, हे साधनेच्या दृष्टीने सांगितले गेले. आहारशास्त्र दुसऱ्या वाटेने तेल मोजून खाण्याच्याच सल्ल्याला येऊन पोहोचते. त्यात भर इतकीच, की जे थोडे तेल घ्यायचे ते निवडून घ्यावे, आणि त्या निवडीत मराठवाड्याच्या करडईला व जवसाला पुन्हा मानाचे स्थान मिळावे. तसे झाले, तर घराच्या आरोग्याबरोबर शेजारच्या शेतकऱ्याचेही हित साधेल.