हिराची काडी



पदवीदान समारंभाला कुलगुरू येतात, जिल्हाधिकारी येतात, एखादे उद्योजक येतात. तुमच्या प्राचार्यांनी बोलावलंय एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेला. माझी सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गात गेली, तेव्हा माझी गोष्टही त्याच उंचीची असणार.

लांजा तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत होते तेव्हाची ही गोष्ट. पहिलीतल्या एका मुलानं जूनपासून दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हजेरीला नुसता हात वर करायचा. एके दिवशी मी माधुरी पुरंदरे यांचं ‘हात मोडला’ वाचायला घेतलं. यश नावाच्या मुलाचा हात मोडतो, त्याची ही गोष्ट. वाचून पुस्तक मिटलं, तर हा पठ्ठ्या उठून थेट माझ्याजवळ आला. “बाई, माजा पन मोडलेला.” आणि बांध फुटावा तसा बोलत सुटला. काजीच्या झाडावरून कसा पडला, आजोबांनी पाठुंगळीला घेऊन रस्त्यापर्यंत कसं आणलं, एसटीनं रत्नागिरीला सिव्हिलमध्ये कसं नेलं. प्लास्टरच्या आत खाज सुटायची तेव्हा आजी माडाच्या झावळीचा हीर आत घालून खाजवायची. आत काही दिसायचं नाही, म्हणून विचारत राहायची, “हितं? का अजून खाली?” मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी त्याचं संपेना.

इतके महिने मला जमलं नाही ते एका पातळशा पुस्तकानं केलं. हे पुस्तक करणाऱ्या बाई आहेत तरी कोण, हे मग मी शोधलं.

माधुरीताईंचा जन्म 1952 सालचा. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. आई निर्मलाताई, त्यांनी ‘वनस्थळी’ ही संस्था काढून खेड्यापाड्यांतल्या बायकांना बालवाड्या चालवायला शिकवलं. माधुरीताई मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकल्या, पुढे शिकायला फ्रान्सला गेल्या, पुण्यात फ्रेंच शिकवलं. गाणं केलं, नाटक केलं. पिकासोचं चरित्र लिहिलं, व्हॅन गॉगच्या आयुष्यावरची आयर्विंग स्टोनची कादंबरी मराठीत आणली. आणि एवढी सगळी शिदोरी घेऊन त्या येऊन बसल्या कुणापाशी, तर चार-पाच वर्षांच्या पोरापाशी. ‘राधाचं घर’, ‘यश’च्या गोष्टी, ‘चित्रवाचन’. शब्दही त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच. नंदिता वागळे यांच्या सोबतीनं केलेल्या ‘वाचू आनंदे’मध्ये त्यांनी मराठीतले निवडक उतारे आणि भारतीय चित्रकला मुलांसमोर एकाच पानावर मांडली. 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, 2016 मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’चा पहिला बिग लिटल बुक पुरस्कारही.

कुणी म्हणेल, पोरांच्या पुस्तकाला एवढं शिक्षण कशाला? मलाही तसंच वाटायचं. म्हणून एकदा मीच पुस्तक करायला बसले. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं शिवली. पहिल्या पानावर चित्र काढलं : पाऊस, लाल छत्री, शाळेला निघालेला मुलगा. खाली छान अक्षरात लिहिलं, ‘पाऊस पडत होता. राजू लाल छत्री घेऊन शाळेला निघाला.’ वर्गात वाचलं तर एक मुलगी म्हणाली, “बाई, ता दिसताच हा की!”

एका वाक्यात माझं पुस्तक निकालात निघालं. जे दिसतंच आहे ते पुन्हा कशाला सांगायचं? चित्रांच्या पुस्तकाला पानं मोजकी, सोळा, चोवीस, फार तर बत्तीस, कारण छापखान्यात मोठा कागद दुमडून पानं होतात, मनाला येईल तितकी वाढवता येत नाहीत. तेवढ्यात घर उभं करायचं, माणसं उभी करायची, आणि पान उलटावंसं वाटेल असं काहीतरी मागे ठेवायचं. काय चित्रावर सोपवायचं, काय शब्दात सांगायचं आणि काय मुलावर सोडायचं, हे ठरवायला हात फार तयार लागतो. माधुरीताईंचं जे. जे., त्यांचं फ्रेंच, त्यांचा पिकासो यांतलं काहीच पुस्तकात मिरवत नाही. दिसतं ते आपल्या घरासारखं घर आणि त्यातलं एक पोर. शिकलेलं सगळं त्या साधेपणात मुरलेलं असतं.

लहानांसाठी म्हणजे हलकं, असं मानणाऱ्यांतला आपला रत्नागिरी जिल्हा नव्हे. दापोली तालुक्यातल्या पालगडला 1899 मध्ये साने गुरुजी जन्मले. त्यांनी ‘श्यामची आई’ 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि मुलांच्या रडण्या-रुसण्याला मराठीत मानाची जागा मिळाली. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर 1828 सालचं. आपल्याकडे पुस्तकाला घर मिळालं, त्याला जवळजवळ दोनशे वर्षं होत आली.

तुमच्यातले कितीतरी जण आता कोकणकन्या पकडतील. कुणी बँकेत बसेल, कुणी कोर्टात उभं राहील, कुणी इथेच राहून आंब्याचा नाहीतर मासळीचा धंदा करील. मोठ्या माणसांसमोर आपण नेटकं काम करतोच, तिथे शाबासकी असते, बढती असते. पण तुमच्या टेबलासमोर पासबुक उलटं धरलेली एखादी आजी येईल. फॉर्ममधल्या ‘अर्जदार’ या शब्दालाच घाबरलेला एखादा खलाशी येईल. तुमचं काम चांगलं की वाईट, हे त्यांना सांगता येणार नाही. तुमची पदवी किती मुरली आहे, ते तिथे कळेल. माझ्या वर्गातल्या त्या मुलानंही माधुरीताईंना पत्र लिहिलं नाही. तो फक्त बोलायला लागला.

त्याच्या आजीचं मला अजून आठवतं. वर प्लास्टर पक्कं, आतलं दिसत नाही, हातात एक बारीक काडी. ती नातवाला विचारायची, थोडी सरकवायची, पुन्हा विचारायची.

तुमचं सर्वांचं मनापासून अभिनंदन. काडी आज तुमच्या हातात आली आहे. ती घालण्याआधी समोरच्याला तेवढं विचारा : हितं? का अजून खाली?