एक आज्ञावली, अनेक यंत्रे

(डोंबिवली येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानातून)



कल्याण परिसरातील सत्तावीस गावांचा इतिहास आपणांस सांगावयास नको. १९८३ साली ती नव्या महानगरपालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. अशा गावांची करआकारणी संगणकावर करताना हद्द बदलेल तेव्हा आज्ञावलीची नवी प्रत काढावयाची, की एकाच प्रतीत अट लिहून ठेवावयाची? प्रती वाढल्या की एकीतली दुरुस्ती दुसरीत राहून जाते, आणि भुर्दंड करदात्यास पडतो.

गावाची अट काम चालू असताना तपासता येते. यंत्रच निराळे असेल, तर मात्र निवड त्याआधी, कंपायलर आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करतो तेव्हाच, व्हावी लागते. यालाच सशर्त संकलन म्हणता येईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० संगणकाचा शब्द ४८ बिटांचा होता; आयबीएम ३६० मालिकेचा ३२ बिटांचा. फोरट्रान भाषेतील तेच साधे गणित पहिल्यावर दहा अंकांपर्यंत अचूक येई, दुसऱ्यावर सहा-सात अंकांपर्यंतच.

सी भाषेत ही सोय १९७० च्या दशकातच झाली, आणि फोरट्रान वापरणाऱ्यांनी ती उसनी घेतली. परंतु उसन्या अंगरख्याच्या बाह्या कोठेतरी आखूड पडतातच. सीच्या १९९९ च्या प्रमाणकात दोन तिरप्या रेघांनी टिपण सुरू होते. फोरट्रानमध्ये त्याच रेघा दोन मजकूर जोडतात! शिवाय सीच्या अटीत नावाचे एखादे अक्षर चुकले, तर ते नाव शून्य समजून काम मुकाट्याने पुढे जाते.

फोरट्रानच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचा तिसरा भाग १९९९ साली खास या विषयासाठी निघाला. त्यात अटीची ओळ दोन प्रश्नचिन्हांनी सुरू होते आणि अटीतील नावे आधी जाहीर करावी लागतात. हा दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. तरीही वापर बेताचाच राहिला, आणि पुढे तो भाग मागे घेण्यात आला. लोकांचा हात सीच्या पद्धतीवर बसून गेला होता, हेच त्याचे मुख्य कारण असावे.

आपल्या कार्यालयांशी याचा संबंध खरेदीच्या वेळी येतो. दहा होय-नाही अटी म्हणजे एकाच मजकुरातून १,०२४ निरनिराळ्या आज्ञावल्या. त्यांपैकी कोणत्या प्रत्यक्ष चालवून पाहिल्या आणि अटींच्या नावांची यादी कोठे आहे, हे पुरवठादारास करारापूर्वीच लेखी विचारावे.