परतीची वेळ

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "दहा मिनिटं बोल, परदेशातला एखादा अनुभव सांग, पण कंपनीचं काही सांगू नकोस." त्यामुळे कंपनीचं फक्त एक वाक्य येईल, तेवढं माफ करा. मी माझ्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. ती ज्यांना सांगायची होती, त्या आपल्या भूगोलाच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून खरं तर मी बोलायला तयार झाले.

आपण सोलापूरची माणसं. आपल्याला बर्फ माहीत तो रसवंतीतला, भुशात ठेवलेला आणि गोणपाटात गुंडाळलेला. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की त्याचा एक तुकडा गालाला लावायचा. अशा गावात बाईंनी आपल्याला नववीत हिमनदी शिकवली. फळ्यावर त्यांनी नदीची व्ही आकाराची दरी काढली, शेजारी हिमनदीची यू आकाराची काढली आणि म्हणाल्या, "नदी धावते, हिमनदी सरकते. पण सरकणारी जास्त खरवडते." मी ते परीक्षेत लिहिलं, पाच पैकी चार गुण मिळवले आणि विसरून गेले.

२०२४ च्या जूनमध्ये मी, माझा नवरा, तेरा वर्षांची लेक आणि एकाहत्तर वर्षांची आई असे चौघं सिएटलला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. तिथून अलास्काची सात दिवसांची क्रूझ घेतली. आईची अट एकच होती, शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोबत पाहिजे. बोटीवर चोवीस तास जेवण असतं असं सांगितलं तर म्हणाली, "असू दे की. ते त्यांचं, हे आपलं."

वाटेत बोट ज्युनो नावाच्या गावी थांबते. ही अलास्काची राजधानी, पण तिथं बाहेरून एकही रस्ता येत नाही. बोटीनं जायचं नाही तर विमानानं. गावापासून साधारण २० किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. वर डोंगरांवर ज्युनोचं प्रचंड हिमक्षेत्र आहे, त्यातून ही सुमारे २१ किलोमीटर लांबीची बर्फाची जीभ खाली उतरते आणि तिच्या टोकाशी एक तळं आहे. वर्षानुवर्षं पडलेला बर्फ स्वतःच्याच वजनानं दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि तो इतका घट्ट होतो की प्रकाशातला लाल भाग शोषून घेतो. म्हणून तो निळा दिसतो. खालचा खडक दळून त्याचं पीठ होतं, म्हणून तळ्याचं पाणी ताकासारखं गढूळ. बाई, तुमचं ते 'खरवडते' मला तिथं डोळ्यांनी दिसलं.

बोट साडेअकराला लागली. साडेसातच्या आत सगळ्यांनी परत यायचं, आठ वाजता बोट सुटणार. उशीर झाला तर बोट थांबत नाही, हे आदल्या रात्री स्पीकरवरून दोनदा सांगितलं होतं. आईचे गुडघे दुखत होते, ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बसते खिडकीशी." आम्ही पासपोर्ट तिच्या कापडी पिशवीत ठेवले, बोटीची कार्डं घेतली आणि निघालो.

बोटीच्या कंपनीची वाटाड्यासह सहल होती. हेलिकॉप्टरनं बर्फावर नेतात, बुटांना लावायचे लोखंडी काटे देतात. तिघांचा खर्च ऐकून नवरा म्हणाला, "आपण सह्याद्रीत चाललेली माणसं. वाटाड्या कशाला?" मलाही ते पटलं. आणि पहिल्या टप्प्याला ते खरंही होतं. तिथल्या पर्यटक केंद्रापासून नगेट धबधब्यापर्यंतची वाट सपाट आहे, पाट्या आहेत, हातात बाळ घेतलेली माणसंसुद्धा चालत होती. धबधबा ११५ मीटरचा, त्याचे तुषार अंगावर येतात. केंद्र १९६२ साली बांधलं तेव्हा बर्फ किती जवळ होता त्याचे जुने फोटो तिथं आहेत. आता त्याच खिडकीतून बर्फ शोधावा लागतो. आम्ही तिथूनच परत फिरलो असतो तर हे भाषण झालं नसतं.

पण लेक म्हणाली, "आई, हात लावायचाय." हिमनदी समोर दिसत होती, मध्ये तळं होतं. तळ्याच्या पलीकडून वेस्ट ग्लेशियर ट्रेल नावाची दुसरी वाट जाते, जाऊन-येऊन साधारण ११ किलोमीटरची. केंद्रातल्या वनखात्याच्या बाईंना विचारलं. त्यांनी नीट सांगितलं की, वाट एका जागेपर्यंत आखलेली आहे, त्यापुढे खडक आहेत, आणि बर्फावर वाटाड्याशिवाय जाऊ नका. बर्फाच्या भेगा वरून दिसत नाहीत, कडे कोसळतात, आतल्या गुहा कधीही ढासळतात. आम्ही मान डोलावली. तळ्याला वळसा घालून नेणारी टॅक्सी मिळाली. चालकानं विचारलं, "परत कसे येणार?" म्हटलं, फोन करू. तो म्हणाला, "तिथं फोन लागेलच असं नाही." आम्ही त्यालाही मान डोलावली.

अडीच वाजता चालायला लागलो. आता ते कंपनीचं एक वाक्य: आम्ही रात्री नवी प्रणाली सुरू करतो तेव्हा आधीच ठरवून ठेवतो की, अमुक वाजेपर्यंत नीट चाललं नाही तर जुन्यावर परत जायचं आणि त्या वेळी कुणाशीही चर्चा करायची नाही, कारण पहाटे दोन वाजता दमलेल्या माणसाला नेहमी वाटतं की अजून दहाच मिनिटं लागतील. वीस वर्षं मी हे करते आहे. म्हणून त्या वाटेच्या तोंडाशीही मीच सांगितलं, "चार वाजता जिथं असू तिथून परत. बर्फ आला नाही तरी परत." दोघांनी कबूल केलं.

वाट सुंदर होती. आपल्याकडे पाऊस मोजून पडतो, तिथं तो मोजायचाच कंटाळा यावा इतका पडतो. झाडांच्या खोडांवर, दगडांवर, सगळीकडे हाताच्या पंज्याएवढं जाड शेवाळ. मग चढ लागला. चार वाजता आम्ही उघड्या खडकावर आलो. समोर बर्फ, निळा, इतका जवळ की दगड मारला तर लागेल असं वाटावं. आखलेली वाट तिथं संपल्यासारखी होती, पुढे कुणीतरी रचलेल्या दगडांच्या लहान राशी होत्या. नवरा माझ्याकडे बघत होता. लेक माझ्याकडे बघत होती. ठरवणारी मी होते.

आणि मी म्हणाले, "वीस मिनिटं. जास्त नाही."

हे मी नवऱ्यावर ढकलू शकले असते, बरेच दिवस ढकललंही. पण ते वाक्य माझं होतं. कारणही सांगते. आपल्याला वेळ कळते ती उन्हावरून. सावली लांबली की पाय आपोआप घराकडे वळतात. तिथं जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो. चार वाजता आपल्या दुपारी एकसारखं ऊन होतं. घड्याळ एक सांगत होतं, अंग दुसरंच. मी अंगाचं ऐकलं.

वीसची चाळीस मिनिटं झाली. बर्फ तेवढाच जवळ, तेवढाच लांब. मोठ्या वस्तूशेजारी अंतर कळत नाही, हे तेव्हा कळलं. हिमनदीनं घासून गुळगुळीत केलेल्या ओल्या खडकावर लेकीचा पाय सरकला. ती पाच-सहा फूट घसरली आणि एका खळग्यात अडकली. खळगा नसता तर खाली काय होतं ते मी नंतर बघितलं, तिला बघू दिलं नाही. गुडघा फुटला होता, घोटा मुरगळला होता. ती रडली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. कुणीच काही बोललं नाही. आम्ही वळलो.

वाट उतरायला दोन तास लागले. नवऱ्यानं तिला अर्धी वाट पाठीवर घेतलं. खाली आलो तेव्हा सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फोनला रेंज नव्हती. टॅक्सी नव्हती. ऊन मात्र तसंच लख्ख.

तेव्हा मला बोट आठवली नाही, पैसे आठवले नाहीत. एकच आठवलं, साडेसातनंतर आई त्या बोटीवर एकटी असेल. तिला इंग्रजी येत नाही. तिची साखरेची गोळी रात्री मी आठवण केल्यावर ती घेते. पुढचं बंदर उद्या, आणि आमचे पासपोर्ट तिच्या पिशवीत.

तळ्याकाठी एक म्हातारं जोडपं आपली छोटी होडी गाडीवर बांधत होतं. मी हात जोडले, काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी होडीची दोरी अर्धवट सोडली, लेकीला पुढच्या सीटवर बसवलं आणि आम्हाला थेट धक्क्यावर आणून सोडलं. सात वाजून बावीस मिनिटं. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नाही, ही खंत आजही आहे.

बोटीत शिरतो तिथं, तपासणीच्या टेबलाशेजारी, खुर्चीवर आई बसली होती. साडीवर स्वेटर, पायात चपला, मांडीवर ती पिशवी. शेजारी बोटीवरची एक मुलगी उभी होती. तिनं मला सांगितलं की, या सहा वाजल्यापासून इथं आहेत, वर जायला तयार नाहीत, आणि आम्हाला यांचं बोलणं कळत नाही.

मी म्हटलं, "आई, तू इथं काय करतेस?"

आई म्हणाली, "तुम्ही आला नसता तर मी उतरणार होते. पासपोर्ट घेऊन. बोट जाऊ दे की, मला काय करायचंय बोटीत?" मग तिनं लेकीचा गुडघा बघितला आणि मला म्हणाली, "घड्याळ होतं ना गं हातात?"

बस, एवढंच. त्यानंतर तिनं हा विषय कधीही काढला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बातमी वाचली. मेंडेनहॉलच्या बाजूच्या एका खोऱ्यात साठलेलं पाणी बर्फाखालून वाट काढून एकदम सुटलं आणि ज्युनोतल्या जवळपास ३०० घरांचं नुकसान झालं. २०११ पासून तिथं असं होत आलंय. आम्ही जिला स्थिर, शांत समजून चाललो होतो ती आतून सतत हलत होती. वाटाड्याला हेच ठाऊक असतं, आणि आपण पैसे देतो ते यासाठी.

वाटाड्याशिवाय जाऊच नये असं मी म्हणत नाही. आपल्यातले बरेच जण आता फिरतात, कुणी हरिश्चंद्रगडाला, कुणी गोमुखाला. पाट्यांच्या वाटेवर खुशाल एकटे जा. पण परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा आणि ती मोडायचा अधिकार कुणालाच देऊ नका, स्वतःला तर मुळीच नाही. परतीचं वाहन आधी ठरवा. फोन लागणार नाही असं धरूनच चला. आणि तिथला माणूस काही सांगतो तेव्हा नुसती मान डोलावू नका.

आता बाई, तुमच्यासाठी. आपली नववीची सहल नळदुर्गला गेली होती. नर-मादी धबधबा बघायचा, तुमची शिट्टी वाजली की एसटीपाशी यायचं, असं ठरलं होतं. शिट्टी आम्हा तिघींना ऐकू आली होती. आम्ही मुद्दाम बुरुजावर थांबलो. अर्ध्या तासानं खाली आलो तर चालक हॉर्न वाजवत होता आणि तुम्ही उन्हात, गाडीच्या दाराशी, एक पाय पायरीवर ठेवून उभ्या होतात. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "मी खाली उभी आहे म्हणून गाडी उभी आहे." आम्ही मागच्या सीटवर बसून त्या वाक्याची नक्कल करत सोलापूरपर्यंत हसत आलो.

बाई, शिट्टी ऐकू आली होती. तेव्हा आम्ही नाही म्हटलं होतं. आज कबूल करते.