घरच्या घरी इंजिन बांधताना

पडवीत उभी असलेली जुनी मोटार हा पुष्कळ घरांत नाजूक विषय असतो. वडीलधाऱ्यांनी हौसेने घेतलेली, लग्नकार्याला आणि देवदर्शनाला धावलेली गाडी एके दिवशी चढणीवर धापा टाकू लागते, मागून निळसर धूर सोडते आणि मग कोपऱ्यात उभी राहते ती राहतेच. भंगारवाला येऊन किंमत सांगून जातो. गॅरेजातील मिस्त्री ‘फुल इंजिन करावे लागेल’ असे म्हणून त्याहून मोठा आकडा सांगतो. अशा वेळी घरातील एखादा हौशी गृहस्थ म्हणतो, ‘इंजिन आपणच उतरवू आणि आपणच बांधू.’ हा बेत वेडेपणाचा ठरतो की शहाणपणाचा, हे त्याच्या अंगच्या शिस्तीवरून ठरते.

उदाहरणासाठी फियाट ११०० ही गाडी घ्यावी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. पुढे तीच पद्मिनी या नावाने घरोघर पोहोचली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे आणि क्रँकला आधार तीन मेन बेअरिंगांचा. रचना इतकी सरळ आहे की धीराच्या माणसाला ती समजून घेता येते.

पाना हाती घेण्यापूर्वी रोग कोणता हे ठरविले पाहिजे. इंजिन गरम करून चारही स्पार्क प्लग काढावे आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. जेथे दाब कमी भरेल तेथे चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. वाढला नाही तर दोष बहुधा व्हाल्वांचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब एकदम कमी आढळला तर हेडची गॅसकेट त्या दोहोंच्या मध्ये फुटल्याचा संशय घ्यावा. ज्याचे काम व्हाल्व बसविण्याने भागणार आहे, त्याने सारे इंजिन खोलण्याचा खटाटोप करू नये.

इंजिन उतरवावयाचे ठरले तर चेनकप्पी भक्कम तुळईलाच अडकवावी आणि लोंबकळत्या इंजिनाखाली हातसुद्धा घालू नये. हेडचे नट इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सैल करावे, कारण ॲल्युमिनियमचे हेड गरम असताना खोलले तर वाकण्याची भीती असते. काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडून ठेवावा आणि त्याची नोंद वहीत करावी. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी ही एकत्र कातलेली जोडी असते. एकाची टोपी दुसऱ्याला बसविणे किंवा ती उलटी फिरविणे म्हणजे बेअरिंगाचा नाश होय.

रॉकेलने धुऊन भाग स्वच्छ झाले की खरे काम सुरू होते, ते मोजण्याचे. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जेथून मागे फिरते त्या पट्ट्यात झीज अधिक असते, आणि पिस्टनाचा रेटा आडवा येत असल्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होते. म्हणून वर, मध्ये आणि खाली, उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी माप घ्यावे लागते. क्रँकच्या जर्नलांचीही हीच गत असते. येथे सारा हिशेब मिलिमीटरच्या शतांशांत चालतो. बोटाला जे गुळगुळीत लागते ते मायक्रोमीटरला खडबडीत दिसते.

यापुढचे काही काम घरी होत नाही आणि तसा हट्टही धरू नये. सिलिंडर बोअर करणे, क्रँक ग्राइंड करणे, हेडचा तळ सपाट करणे ही कामे यंत्रशाळेचीच. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाची आणि यंत्रकामाची परंपरा आहे. तेथील कारागिराच्या हाती ब्लॉक सोपविताना कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मात्र आधी पिस्टन मिळवावे आणि मग त्यांच्या मापाने बोअर करवून घ्यावे. जुन्या गाडीचे ओव्हरसाइज पिस्टन हव्या त्या मापात मिळतीलच असे नाही.

बांधणी करताना नव्या रिंगा सिलिंडरमध्ये सरळ बसवून त्यांच्या टोकांतील फट फीलर गेजने पाहावी. ६८ मिलिमीटर व्यासाला ती ढोबळ मानाने पाव मिलिमीटर असते. परंतु अखेरचा शब्द कंपनीच्या पुस्तकाचा. बेअरिंगांना ऑइल लावल्याशिवाय क्रँक बसवू नये. हेडचे नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावे.

आणि मग बहुतेकांच्या वाट्याला येणारा प्रसंग येतो. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, इंजिन बंद झालेले असते आणि ताटात एक लॉक वायसर उरलेले असते. ते जुने आहे की बसवावयाचे राहिले? वहीत नोंद नसेल तर मनाची समजूत घालणे फार सोपे असते. परंतु कनेक्टिंग रॉडचा एक नट सैल झाला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि तो प्रसंग चोर्ला घाटात, मागच्या बाकावर मुले बसलेली असतानाही ओढवू शकतो. त्या रात्री जो ऑइलचा संप पुन्हा उतरवितो, तोच इंजिन बांधण्यास लायक असतो. दुसऱ्या दिवशी ते वायसर जुनेच होते असे ठरले, तरी त्याचा तास वाया गेला असे कोणी म्हणू नये.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढूनच इंजिन फिरवावे आणि ऑइलचा दाब आल्याचे दिसल्यावर प्लग लावावे. सुरुवातीचे काही शे किलोमीटर गाडीवर फार ताण देऊ नये; एकाच वेगाने दामटूही नये. त्यानंतर ऑइल बदलावे आणि हेडचे नट पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तपासावे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने खराब होऊ शकतात, म्हणून तेही याच वेळी बदलून घ्यावे.

एवढे करून पैसे फारसे वाचतातच असे नाही. हत्यारे, यंत्रशाळेची मजुरी आणि सुटे भाग यांचा खर्च होतोच. परंतु ज्या घरात एखादी मुलगी किंवा मुलगा महिनाभर शेजारी बसून भाग पुसतो आणि वहीत आकडे लिहितो, त्या घरात पुढे कोणतेही यंत्र बिघडले की प्रथम भंगारवाल्याची आठवण होत नाही. ती वही शोधली जाते.