नाव, बिल्ला आणि आडनाव

आजोबांचं नाव नातवाला ठेवलं, की पूर्वी आपल्याकडे सून ते नाव तोंडाने घेत नसे. बाळाला दुसऱ्याच नावाने हाक मारी. कॅनडाच्या उत्तर टोकाला राहणारे इन्युइट लोक याच्या नेमके उलट. तिथे माणूस गेलं, की त्याचं नाव नव्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातंही येतं. वारलेल्या वडिलांचं नाव लेकीला ठेवलं, तर आई त्या तान्ह्या पोरीला खुशाल ‘बाबा’ म्हणते! नाव बाईचं की पुरुषाचं, हा प्रश्नच नाही. आडनाव मात्र कुणालाच नव्हतं. त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

अडलं ते सरकारचं. त्याआधी मिशनऱ्यांनी बायबलातली नावं दिली होती. ती लोकांनी आपल्या जिभेवर घोळवून घेतली, एलिझाबेथची एलिसापी केली. पण कारकुनांना इन्युइट नावं धड उच्चारता येईनात, लिहिता येईनात. मग १९४१पासून माणशी एक बिल्ला आला. नाण्यासारखा गोल, क्रमांक ठोकलेला, गळ्यात घालायला भोक पाडलेला. पुढे पूर्वेकडच्यांना ‘ई’ आणि पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’ हे अक्षर मिळालं. दवाखाना असो की मुलांचा सरकारी भत्ता, आधी क्रमांक सांगा. गायिका लुसी इडलाउट यांच्या एका अल्बमचं नाव ‘ई५-७७०, माय मदर्स नेम’ असं आहे. आईचा क्रमांक!

बिल्ले जावेत म्हणून आडनावं गोळा करायचं ठरलं. काम आलं एब ओकपिक यांच्याकडे. नॉर्थवेस्ट टेरिटरीज या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशाच्या परिषदेवर बसलेले ते पहिले इन्युइट. १९६८ ते १९७१ या काळात ते वस्त्यावस्त्यांतून फिरले, लोकांच्या घरी बसून विचारत राहिले. पुष्कळांनी वडिलांचं किंवा आजोबांचं नाव पुढे केलं. एका माणसाचं नाव, जे एरवी पुढच्या एखाद्या बाळाकडे गेलं असतं, ते आता सगळ्या घराला लागलं. बिल्ल्यापेक्षा हे शतपटीने बरं. तरी आडनावाची भूक फायलीचीच होती; ओकपिक यांनी ती आपल्या माणसांना निदान मानाने भागवू दिली, असं मला वाटतं.

बाळांना गेलेल्यांची नावं अजूनही ठेवतात. आडनावांच्या रोमन स्पेलिंगचा घोळ मात्र पुरता निस्तरलेला नाही; एकाच घराण्यातल्या माणसांची आडनावं कागदावर वेगवेगळी दिसतात.