रुमालात बांधलेले साल

पत्रिकेत विषय छापला होता ‘प्रादेशिक इतिहास मंडळे आणि संशोधनाच्या संधी’. वक्त्यांनी मात्र आधीच निरोप धाडून संयोजकांकडे फळा आणि खडू मागवून ठेवला होता. उन्हाळी व्याख्यानमालेत फळा सहसा दिसत नाही. तो पाहून पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारले, “बाई, आज परीक्षा आहे का?” सभागृह हसले. “आहे,” बाई म्हणाल्या, “आणि मोडीत आहे.”

आपण काय मनात धरून आलो आहोत, हे त्यांनी लपवले नाही. मराठी माणूस इतिहास हौसेने ऐकतो, त्यावर तावातावाने भांडतो, पण मूळ कागद उलगडायची वेळ आली की ते काम ‘तज्ज्ञां’वर सोपवतो. बाईंना हे मुळीच मान्य नव्हते. मंडळे तज्ज्ञांसाठी निघालीच नाहीत, ती कागदासमोर बसायची तयारी असलेल्या कुणासाठीही निघाली, हा त्यांचा आग्रह. पुण्यात 7 जुलै 1910 रोजी राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, राजवाड्यांनी साधनांचे 22 खंड छापले, “हे सगळं तुम्हाला पाठ आहे, पुढे जाऊ.” काही चेहऱ्यांवर ते पाठ नसल्याचे दिसत होते, बाई थांबल्या नाहीत.

थांबल्या त्या वासुदेवशास्त्री खऱ्यांपाशी. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारा हा माणूस. पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रे वाचून, निवडून, टिपा देऊन त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला घेतला आणि 1924 मध्ये जाईपर्यंत ते काम सोडले नाही. उत्तर पेशवाईवर लिहिणाऱ्याला आजही त्या खंडांकडे जावे लागते. “मास्तर होते ते, शाळेतले मास्तर,” बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सभागृहात निवृत्त शिक्षक पुष्कळ असावेत, कारण टाळ्या तिथेच पडल्या.

मग जेधे शकावली निघाली. ती दोन मिनिटांत आटोपायची होती, पण संध्याकाळचा मोठा भाग तिनेच घेतला. भोरजवळचे कारी हे जेध्यांचे गाव. त्या घराण्यात शके 1540 ते 1619 या काळातल्या घडामोडींची एक यादी जपून ठेवली होती. साल, महिना, तिथी, पुढे एकदोन ओळी; अलंकार नाही, कौतुक नाही. ती टिळकांच्या हाती आली आणि 1916 मध्ये मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. तोवर बखरींच्या आधाराने शिवाजी महाराजांचा जन्म शके 1549 च्या वैशाखातला धरला जाई. शकावलीत निघाले शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. म्हणजे 19 फेब्रुवारी 1630.

“एका घरातल्या कागदानं जवळजवळ तीन वर्षं हलवली!” बाईंचा आवाज चढला. पण एका कागदावर विसंबायचे नसते, हेही त्यांनी लगेच सांगितले. तिथी आणि वार पंचांगाच्या गणिताने जुळतात का, ते आधी पाहायचे. इथे ते जुळतात. मग दुसरा साक्षीदार शोधायचा. तंजावरात सापडलेले कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ 1927 मध्ये छापले गेले, त्यातही हीच तिथी निघाली. मागून कुणीतरी विचारले, “मग जयंती तिथीने करायची की तारखेने?” पुन्हा हशा. बाई हसल्या नाहीत. “तो वाद मी इथे घेणार नाही. तारीख आणि तिथी दोन्ही ज्या कागदातून आल्या, तो कागद तुमच्यापैकी किती जणांनी वाचलाय, एवढं सांगा.” हात वर झाले नाहीत.

फळ्याची पाळी आता आली. पेशवाईतल्या साध्या पत्रावर बहुधा चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आणि मुसलमानी महिना असतो, साल नसतेच. सनदेवर किंवा हुकमावर साल असते, पण ते सुहूर सनाचे आणि अरबी अंकशब्दांत. बाईंनी लिहिले: ‘अर्बा सबैन मया व अलफ’. चार, सत्तर, शंभर, हजार. बेरीज 1174. हे वर्ष मृगाला सुरू होते. म्हणून इसवी सन काढताना जून ते डिसेंबरमधला कागद असेल तर 599 मिळवायचे, जानेवारी ते मे असेल तर 600. “भाद्रपदातला कागद आहे. साल सांगा!” तिसऱ्या रांगेतून एका मुलीने 1773 म्हटले. “त्याच भाद्रपदात शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं,” बाई म्हणाल्या आणि सभागृहात कुजबुज पसरली. लगेच दुसरे साल: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. 1161. महिना पौष, इंग्रजी जानेवारी. या वेळी उत्तर चारपाच ठिकाणांहून एकदम आले: पानिपत.

एक गृहस्थ उठून तक्रारीच्या सुरात म्हणाले की अशा संस्थांत सामान्य माणसाला ओळखपत्र विचारतात, शिफारस मागतात, कागद लवकर दाखवत नाहीत. बाईंना ते लागले. “विचारतात, आणि विचारायलाच हवं. अडीचशे वर्षांच्या कागदाची कड नुसत्या घडीनं झडते. तुम्ही ओळखपत्र न्या. कोणतं घराणं, कोणतं गाव, कोणता काळ पाहायचाय, ते लिहून न्या. ‘इतिहास दाखवा’ म्हणून काही मिळत नाही.”

एवढ्यात संयोजकांची चिठ्ठी आली. पाहायच्या संस्थांची यादी अजून तशीच होती. बाईंनी ती उभ्या उभ्या सांगितली: राजवाड्यांच्या मागे त्यांचा संग्रह सांभाळणारे धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, नागपूरचे विदर्भ संशोधन मंडळ, सरकारी दफ्तरासाठी मुंबई, पुणे, कोल्हापूरची पुराभिलेखागारे, पोर्तुगीज वाचता येत असेल तर पणजी. मोडीचे वर्ग पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळही घेते, पुराभिलेख संचालनालयही घेते. ग. ह. खऱ्यांचे ‘संशोधकाचा मित्र’ आधी वाचा, असे सांगताना दुसरी चिठ्ठी आली.

आभाराला माणूस उभा राहिला, तरी एका काकूंनी विचारलेच: माळ्यावर सासऱ्यांची पेटी आहे, कागद देऊन टाकले तर पुन्हा पाहायला मिळतील का? बाई माइककडे परत आल्या. द्यायचे की नाही, ते नंतर ठरवा. आधी पेटी उघडी असतानाच फोटो काढा. रुमालात कागद ज्या क्रमाने बांधलेत तो मोडू नका, कारण बिनसालाच्या पत्राचे साल पुष्कळदा शेजारच्या पत्रावरून लागते. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पेटी कुणाची, कोणत्या गावाहून आली, ते सासूबाईंना विचारून आजच लिहून ठेवा. आणि एखाद्या मंडळाला दिलेत तर पानांची मोजदाद करून पावती घ्या.