बार्सिलोनाचा मॅन्युएल आणि आम्ही अलिबागकर

आजचा एपिसोड ब्रिटिश कॉमेडी सिरियल्सवर आहे, पण सुरुवात मुंबई उच्च न्यायालयातून करावी लागणार आहे. जरा धीर धरा, येतो मुद्द्यावर.

२०१९ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयासमोर एक जनहित याचिका आली होती. मागणी काय, तर 'अलिबाग से आया है क्या?' हे वाक्य वापरण्यावर बंदी घाला. मुंबईत कुणी बावळटासारखं वागलं की त्याला हे विचारतात, हे तुम्हाला माहीतच असेल. याचिका करणारे अलिबागचेच होते. त्यांचं म्हणणं, यात आमचा अपमान आहे. कोर्टाने याचिका फेटाळली. विनोद प्रत्येकच समाजावर होतात, एवढं मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं कोर्ट बोललं आणि विषय संपला.

आता मी नागावचा. अलिबागपासून बाइकवर पंधरा-वीस मिनिटं. त्यामुळे हे वाक्य माझ्यासाठी बातमी नाही, ते मी ऐकलेलं आहे. पहिल्या नोकरीत, सोमवारच्या कॉलवर, दहा-बारा लोकांसमोर. माझ्या एका साध्या प्रश्नावर लीड म्हणाला, "अलिबाग से आया है क्या?" मी अगदी सरळ आवाजात म्हटलं, "हां सर, संडे को ही आया." दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी अनम्यूट करून हसलं, मग सगळेच.

ते उत्तर मला सुचलं कसं? कोकणातला तिरकसपणा रक्तात आहे, ते आहेच. पण तोंड सरळ ठेवून बोलायचं आणि समोरच्याला त्याच्याच वाक्यात अडकू द्यायचं, हे मी बऱ्याच प्रमाणात ब्रिटिश सिरियल्स बघून शिकलो. त्यातली एक खास. 'फॉल्टी टॉवर्स'.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचं गाव आहे. समुद्र, सुट्टीला येणारे पर्यटक, गल्लोगल्ली छोटी हॉटेलं. तिथे बेसिल फॉल्टी नावाचा एक हॉटेलमालक आहे, ज्याला गिऱ्हाईक अजिबात आवडत नाही. पुण्यातला जुना दुकानदार डोळ्यासमोर आणा, त्याची उंची साडेसहा फूट करा आणि त्याला बायकोचा प्रचंड धाक आहे असं समजा. झाला बेसिल. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी ती लिहिली, बीबीसीवर १९७५ मध्ये सहा भाग आले, १९७९ मध्ये आणखी सहा. संपलं. एकूण बारा! आपल्याकडे बारा भागांत सिरियलमधली हळद पण लागत नाही. इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. कोड छोटा असला की त्यात फालतू ओळ राहत नाही. पहिल्या पाच मिनिटांत दाराशी ठेवलेली एखादी वस्तू पंचविसाव्या मिनिटाला कुणाच्या तरी डोक्यात पडणार, हे नक्की.

हा बेसिल हवेतून आलेला नाही बरं का. १९७० मध्ये क्लीझ आणि त्याचे 'मॉन्टी पायथन'वाले मित्र शूटिंगसाठी टॉर्कीच्या ग्लेनईगल्स हॉटेलात उतरले होते. तिथला मालक पाहुण्यांशी इतका विचित्र वागायचा, की त्यातून बेसिल जन्माला आला.

आता समुद्रकिनारा, सुट्टीला येणारे पाहुणे, घरगुती हॉटेल असं म्हटल्यावर नागाव-आक्षी-रेवदंड्याच्या माणसाला काय आठवणार सांगा? आमच्याच वाडीत मागे चार खोल्या आहेत. बाहेर पाटी, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. ही सोय माझी आई बघते. शनिवारी दुपारी गाडी येते, खाली उतरायच्या आधी काच खाली होते आणि पहिला प्रश्न येतो, "एसी है ना?" दुसरा, "सी व्ह्यू?" आईचा चेहरा त्या क्षणी जसा होतो ना, तो मी टॉर्कीत बघितलाय. फरक एवढाच, की बेसिल मनातलं तोंडावर बोलतो आणि आई स्वयंपाकघरात येऊन बोलते.

घरच्यांनी ही सिरियल बघितली ती मात्र नाइलाजाने. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, नारळाचं एक झाड तीन नंबरच्या खोलीवर पडलं. लाइट नाही, नेटवर्क नाही, त्यात लॉकडाऊन, म्हणजे पाहुणे आधीच बंद. सुपारीचं झाड लावलं की फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. बाबा दिवसभर पडलेली झाडं मोजत फिरायचे. मोजून काय होणार होतं? पण मोजायचे.

शेजाऱ्यांनी जनरेटर आणला, त्यावर संध्याकाळी तासभर लॅपटॉप चार्ज करायला मिळायचा. हार्ड डिस्कवर होस्टेलपासूनच्या सिरियल्स पडल्या होत्या. आजीला आधी 'मिस्टर बीन' लावून दिला. तो तर भाषेच्या पलीकडचा आहे. रोअन ॲटकिन्सन शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला. १९९० पासून पाच वर्षांत मोजून पंधरा भाग केले, आणि माझ्या पिढीने ते पोगोवर इतक्या वेळा बघितले की पाठ आहेत. आजी बघत होती, हसत होती आणि मधेच म्हणाली, "कवरा येरा हाय यो!" केवढा वेडा आहे हा. एवढंच परीक्षण. मला वाटतं यात सगळं आलं.

बीन संपला, मग मी 'फॉल्टी टॉवर्स' लावली. यात इंग्रजी भरपूर आहे, तेही वेगात. आई-आजीला कळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. पण बघा, बेसिल काहीतरी लपवतोय, बायको कोपऱ्यातून येतेय, दुसऱ्या दारातून पाहुणा येतोय, हे कळायला इंग्रजी कशाला हवं? आपल्याकडे बबन प्रभूंचे फार्स बघितलेल्या माणसाला हे यंत्र ओळखीचं आहे. 'झोपी गेलेला जागा झाला', 'दिनूच्या सासूबाई राधाबाई'. दारं, लपवालपवी आणि वाढत जाणारं खोटं. आईला तर सगळ्यात जास्त कळत होतं. एका भागात पाहुणीबाई खोलीतून समुद्र नीट दिसत नाही म्हणून कटकट करते, तेव्हा आईने पाठीमागून फक्त "हं" केलं. वादळानंतर ती पहिल्यांदा हसली ती त्या भागाला.

आणि मग आला मॅन्युएल. हॉटेलातला वेटर, स्पॅनिश, इंग्रजी यथातथाच. काही सांगितलं की भलतंच करतो आणि बेसिलच्या टपल्या खातो. पाहुणे वैतागले की बेसिल त्यांना कारण सांगतो, तो बार्सिलोनाचा आहे हो! जणू त्यात सगळं आलं. आजीने विचारलं, "ह्यो कुठला?" मी म्हटलं, बार्सिलोनाचा. बाबा, जे चार दिवस धड बोलले नव्हते, ते अंधारातून म्हणाले, "म्हणजे त्यांचा अलिबागवाला."

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. नंतर मी शोधत बसलो, की स्पेनमध्ये ही सिरियल दाखवली तेव्हा त्यांनी मॅन्युएलचं काय केलं असेल? तर त्यांनी त्याला चक्क इटालियन करून टाकलं. नाव ठेवलं पाओलो! आणि १९८६ मध्ये कॅटलान भाषेत डब केली, म्हणजे खुद्द बार्सिलोनाची भाषा, तेव्हा तो मेक्सिकन झाला. म्हणजे विनोद सगळ्यांना हवा होता, फक्त तो आपल्या गावचा नको होता. याचिका करणाऱ्या अलिबागकरांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. कोर्टात जायची गरजच नाही, डबिंग करा आणि 'पनवेल से आया है क्या' म्हणा! (पनवेलकरांनो, गंमत करतोय. व्हॉइस नोट्स पाठवू नका.)

पण गंमत बाजूला ठेवून सांगतो. मॅन्युएलवर आपण हसतो का? हसतो. पण भाग संपताना उघडा पडतो तो बेसिल. कमी पगारात मिळतो म्हणून परदेशी माणूस ठेवायचा, त्याला शिकवायचं काही नाही, आणि बिघडलं की त्याच्या गावाचं नाव पुढे करायचं. मॅन्युएल बिचारा मन लावून काम करतोय. ज्याने ती भूमिका केली तो अँड्र्यू सॅक्स स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेला. वडील ज्यू होते, नाझींपासून वाचायला १९३८ मध्ये कुटुंब इंग्लंडला आलं. लहानपणी नव्या देशात, नव्या भाषेत पडलेला मुलगा तो. मला त्याचा गोंधळलेला चेहरा खोटा वाटत नाही तो त्यामुळेच असेल.

याच्या उलट 'माइंड युवर लँग्वेज'. १९७७ ची, लंडनमधला इंग्रजी शिकवायचा वर्ग. त्यात एक शीख, एक पाकिस्तानी, एक भारतीय बाई जी विणकाम करत बसते. इथे प्रत्येकाचा देश हाच त्याचा विनोद. आज बघताना मला काही ठिकाणी फॉरवर्ड करावंसं वाटतं. पण लोणेऱ्याला बीटेकला असताना आम्ही होस्टेलवर ही सिरियल वेड्यासारखी बघितली आहे. आमच्या खोलीतले तिघे मराठी माध्यमाचे. व्हायव्हाला जाताना उत्तर येत असायचं, पण 'द' लावायचा की 'ए' यात अर्धा मिनिट जायचा. आम्ही त्या वर्गावर हसत नव्हतो, आम्ही त्या वर्गात बसलो होतो. इंग्लंडमधला माणूस हसला असेल तो दुसऱ्या बाकावरून.

आणि आपण फार सज्जन आहोत असंही नाही हं. १९९३ मध्ये दूरदर्शनवर याचीच हिंदी आवृत्ती आली, 'जबान संभालके'. पंकज कपूर मास्तर, विषय हिंदी. आता विद्यार्थी कोण? जे हिंदी 'चुकीचं' बोलतात ते सगळे. त्यात आपला मराठी माणूसही होता, विजू खोटेंनी केलेला. म्हणजे दिल्लीच्या हिंदीने पण आपापलं बार्सिलोना शोधलंच. मला ती सिरियल आवडते, पंकज कपूर तर कमालच. पण मुद्दा लक्षात ठेवा.

बाबांचं प्रकरण वेगळं. ते सरकारी नोकरीतून रिटायर झाले, आयुष्य फाइल आणि शेऱ्यांमध्ये गेलं. त्यांना मी 'येस मिनिस्टर' दाखवली. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेली, १९८० ची. मंत्री काहीतरी करायला निघतो आणि सचिव सर हम्फ्री अत्यंत नम्रपणे ते होऊ देत नाही. मार्गारेट थॅचरची ही आवडती सिरियल होती. १९८१ च्या एका भागात एक हॉस्पिटल आहे, पाचशे कर्मचारी, सगळे बिगर-वैद्यकीय, पेशंट एकही नाही, आणि कारभार उत्तम चाललाय. (त्याच वर्षी आमच्या कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं, पाट्या आणि शिक्के बदलायच्या फाइली किती फिरल्या असतील देव जाणे.) मी हसतोय आणि बाबा गंभीर. भाग संपल्यावर म्हणाले, "यात विनोद कुठला? पेशंट आले तर व्यवस्था बिघडणारच." आजतागायत मला कळलेलं नाही, की ते बाबा बोलले की सर हम्फ्री.

हिंदीत 'जी मंत्रीजी' पण आली होती २००१ मध्ये, फारुख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. मला विचाराल तर मूळच बघा.

आपल्याकडचा धागा म्हणाल तर पुलं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी ते टीव्हीचं काम शिकायला बीबीसीत गेले होते, 'अपूर्वाई' त्याच प्रवासाचं. १९५९ मध्ये दिल्लीत टीव्ही सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्या निर्मात्यांत ते होते. पण त्यांचा अंतू बर्वा इंग्लंडहून आणलेला नाही, तो रत्नागिरीचाच. दुःखाची गोष्ट सरळ सांगायची नाही, तिला एक तिरका टोला द्यायचा. टॉर्कीच्या पावसात आणि आमच्या पावसात हेच पीक येतं बहुतेक.

एक शेवटची गोष्ट. आम्ही अंधारात हे बघत होतो, त्याच जून २०२० मध्ये तिकडे यूकेटीव्हीने 'फॉल्टी टॉवर्स'चा 'द जर्मन्स' हा भाग काढून टाकला. त्यात म्हातारा मेजर वंशद्वेषी शब्द वापरतो. क्लीझ भडकला, म्हणाला आम्ही त्या मेजरची टिंगल करत होतो, त्याचं समर्थन नाही. काही दिवसांतच भाग परत आला, सुरुवातीला सूचना लावून. मला सूचना पटते. काढून टाकणं पटत नाही. आणि आमच्या कोर्टाने याचिका फेटाळली तेही पटतं. पण 'मनाला लावून घेऊ नका' हे सांगणाऱ्याचं गाव कुठलं, हे मी विचारणार. मी कॉलवर 'हां' म्हणू शकलो, कारण माझी नोकरी पक्की होती. आमच्याकडे खोल्या साफ करायला येणाऱ्या पोराला कुणी पाहुणा हेच म्हणाला, तर तो काय उत्तर देणार? तो फक्त हसतो. मॅन्युएलसारखं.

तर आता होमवर्क. आजीबरोबर 'मिस्टर बीन'. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर 'येस मिनिस्टर', पण त्यांचा चेहरा दिसेल असं बसा. आयटीवाल्यांनी 'द आयटी क्राउड' एकट्याने बघा, मशीन बंद करून परत चालू करायला सांगणारे आपण एकटे नाही हे कळेल. आणि 'फॉल्टी टॉवर्स' बघताना इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, पहिल्या दोन भागांना लाज वाटून घेऊ नका. तुमच्या गावाच्या नावाने चालणारा एखादा विनोद असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू. पनवेलकर, तुम्हीसुद्धा.

चला, आई हाका मारतेय, पाहुणे आलेत. भेटू.